जीपची सव्वा मूठ

नवी गाडी कोणाचीही चांगलीच असते. सुकलाल नाना हे वाक्य सुरतेतल्या नवागामच्या त्या गल्लीत इतक्या वेळा बोलला होता की त्यानं अर्धं म्हटलं की उरलेलं लोकच पुरं करायचे, "बारा वर्षांनी तिचं दार कसं लागतं ते सांग!"

गल्लीत त्याच्या भाऊबंदांच्या तीन गाड्या उभ्या राहायच्या. धाकट्या भावाची, लोटूची, पांढरी सुमो. चुलतभाऊ श्रीरंगची इस्टेट, म्हणजे मोटारीला मागं खोली काढल्यासारखी लांबडी गाडी. श्रीरंग ज्या शेठकडं ड्रायव्हर होता त्या शेठनं वापरून वापरून त्यालाच देऊन टाकलेली. आणि कोपऱ्यावर, लिंबाखाली, सुकलालची जीप.

आता लोकांना वाटेल की जीपवाला माणूस बाकीच्या दोघींना नावं ठेवत असेल. तसं नव्हतं. सुकलाल पॉवरलूमवर जॉबर. लिंबायतला तीस वर्षं बिघडलेल्या मागांना ताळ्यावर आणायचं काम. दुसऱ्याच्या मशीनची निंदा करणारा जॉबर टिकत नाही, हे तो पक्कं शिकलेला. सुमो आली तेव्हा त्यानं तिच्याभोवती तीन चकरा मारल्या, खाली वाकून पाटे बघितले, आणि लोटूला म्हणाला, "हत्तीण शे रे भो. नीट सांभाळ." इस्टेटीत पहिल्यांदा बसला तेव्हा बटण दाबून काच खाली गेली, परत दाबलं की वर आली. सुकलालनं सहा वेळा खाली-वर केली. सातव्यांदा श्रीरंग म्हणाला, "नाना, ती पाळणा नही शे."

पण त्याचा जीव जीपवर. पंच्याऐंशी साली पाच भावांकडून उसने पैसे घेऊन त्यानं सरकारी लिलावातून तिचा नुसता सांगाडा आणला होता. सुकलालनं आठ महिने रविवार-रविवार करून ती उभी केली. वर पक्कं छत, मागं समोरासमोर दोन बाकडी. दारं खडखडू नयेत म्हणून चौकटीत मागाच्या पिकरचं, म्हणजे धोट्याला धक्का देणाऱ्या भागाचं, जाड चामडं कापून बसवलं. आणि मागच्या दाराला मूठ मिळेना, तेव्हा लूमवरचा एक जुना धोटा घेतला, तोच ताण्यातून इकडून तिकडं पळतो तो लाकडी, दोन्ही टोकांनी निमुळता, आणि बोल्टनं दाराला ठोकून दिला. तेरा वर्षं हात लागून लागून तो धोटा असा गुळगुळीत झाला होता की बाया दार उघडताना उगाच एकदा जास्त हात फिरवायच्या. आणि दार? एका बोटानं ढकललं की 'ठप्प' करून बसायचं. दुसरा आवाज नाही.

या जीपचा एक मान होता, तो आधी सांगायला पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

खानदेशातल्या कुळांची कानबाई. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी बसते, सोमवारी उठते. तिच्या रोटासाठी गहू मोजायची रीत अशी, की भाऊबंदातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावानं सव्वा मूठ. म्हातारा असो की पाळण्यातलं पोर, सव्वा मूठ. ते पीठ वेगळं दळायचं, त्याचे रोट करायचे, भाऊबंदातच खायचे, बाहेरच्या माणसाला कण द्यायचा नाही, आणि पुनवेच्या आत संपवायचे. या कुळाची कानबाई गावाकडं बसायची. शहाऐंशीपर्यंत सगळेच सुरतेत आले, म्हणून त्या वर्षी देवीचं परणलेलं, म्हणजे लग्न लावलेलं, नारळ इकडं आणायचं ठरलं. वाटेत नाल्याला पूर. एसट्या दोन्ही काठांना उभ्या. नारळ मांडीवर घेऊन बाया जीपमध्ये बसलेल्या, पाणी पायाशी आलेलं, आणि सुकलालनं पहिल्या गिअरमध्ये, एकदाही क्लच न दाबता, जीप पार नेली.

त्या वर्षी गहू मोजताना कुळातला सगळ्यात म्हातारा, धुडकू आबा, म्हणाला, "जे देवीले मांडीवर लई उनं, ते भाऊबंद. टाका तिनी सव्वा मूठ."

तेव्हापासून दर वर्षी शेवटची मूठ जीपची. आणि दर वर्षी ती मूठ टाकताना सुकलालची बायको सुंदरा तेच बोलायची, "इतला वरीस व्हई ग्यात भाकरी थापीसन. मनी मूठ कोठे शे? गाडीले मूठ, मले परात!"

लोक हसायचे. सुंदराही हसायची. परात मात्र जोरात ठेवायची.

आता अठ्ठ्याण्णव सालच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, काय झालं ते ऐका. आखाजीला सुरतेतला निम्मा खानदेश गावाकडं निघतो, हेही निघाले. तिन्ही गाड्या एकामागं एक. निघतानाच बायांची झुंबड, "मी सुमोमा बससू! मी सुमोमा!" सुमोत सगळ्यांनी पुढं तोंड करून बसायचं, गादी मऊ, कोणाचे गुडघे कोणाला लागत नाहीत. इस्टेटीत श्रीरंगनं म्हाताऱ्यांना घातलं, मागचं दार वर उचलून सामान लोटलं, आणि गाडी अशी निघाली की आबाचा पानाचा डबा गाडीच्या टपावर राहिलेला, तो बारडोलीपर्यंत पडला नाही. जीपला उरले ते सुंदरा, दोन पोती, एक शेळी आणि तीन तरुण, ज्यांना दुसरीकडं जागा मिळाली नव्हती.

व्यारा, सोनगड, नवापूर. चहाच्या टपरीवर उतरले की चर्चा सुरू.

"सुमोमा चहाना कप ठेवा तरी सांडत नही," लोटू म्हणाला.

"इस्टेटमा झोप लागी गयी मले," आबा म्हणाला. "घोरत होतू का?"

"इंजिनपेक्षा जास्त," श्रीरंग म्हणाला.

सुकलाल बशीतला चहा फुंकत म्हणाला, "शेळीनं तक्रार केली नाही. आणि खरं सांगू का, लोटू? तुझी गाडी लईच भारी शे. माणसाला माणसासारखं बसवते. माझी पोत्यासारखं बसवते. पण पोतं उतरताना फाटलेलं नसतं, एवढंच."

मग कोंडाईबारीचा घाट लागला. पुढं ट्रकांची रांग. दोन हात चढायचं, थांबायचं. क्लच दाबायचा, सोडायचा, दाबायचा. सुकलालचा डावा गुडघा दोन वर्षांपासून कुरकुरत होता, तो कोणाला बोलला नव्हता. चौथ्या वळणावर पाय दाबला आणि गुडघ्यानं नकारच दिला. त्यानं हँडब्रेक ओढला, जीप जागच्या जागी खिळ्यासारखी उभी राहिली, आणि तो स्टिअरिंग धरून नुसता बसला. कपाळावर घाम.

सुंदरा मागून म्हणाली, "दुखस ना? सांगता नही येस?"

लोटू धावत आला. एक नजर पायाकडं, एक भावाच्या तोंडाकडं. "दादा, सरक. मी लेस."

मग असं झालं, की लोटूनं जीप घेतली, सुमोची चावी सुकलालच्या मुलाला, चेतनला दिली, आणि सुकलाल सुमोत मधल्या सीटवर बसला. चेतनच्या तोंडावरचा आनंद आरशात दिसत होता. जीप चालव म्हटलं की या पोराचं काही ना काही काम निघायचं, सुमोचं स्टिअरिंग मात्र नवरीचा हात धरावा तसं धरलेलं. गाडी सरसर घाट चढली. सुकलालचा गुडघा गादीवर पसरलेला, पाठीला टेकायला जागा, वारा तोंडावर. छान होतं. फार छान होतं, आणि हेच त्याला टोचलं. मागं वळून पाहिलं तर त्याची जीप दुसऱ्याच्या हातात तशीच शहाण्यासारखी चढत होती. मालक बदलला हे तिला कळलंही नव्हतं.

परत आल्यावर दोन महिने जीप लिंबाखाली उभी. लोटूकडं वेळ नाही, चेतनला मन नाही. लूममध्ये सुकलालनं एक गोष्ट बघितलेली होती: चालून झिजलेला माग दुरुस्त होतो, उभा राहून गंजलेला होत नाही. लिंबाची पानं बॉनेटवर साचलेली दिसली की तो रस्ता बदलून घरी यायचा.

शेवटी त्यानं लूममध्ये हळूच सांगून ठेवलं की जीप विकायची आहे. आषाढात सखाराम आला. परभणीकडचा माणूस, सुरतेजवळच्या सचिन गावात सेंट्रिंगचं काम घ्यायचा. त्याला फळ्या आणि माणसं एकत्र न्यायला गाडी पाहिजे होती. याच्या आधी तिघं येऊन गेले होते, तिघांनीही पहिल्यांदा विचारलं, "किती ॲव्हरेज देते?" सखारामनं काहीच विचारलं नाही. तो पाठीवर झोपून जीपखाली गेला आणि बराच वेळ आतच राहिला. बाहेर आला, अंग झटकलं, मागचं दार उघडलं, एका बोटानं ढकललं. ठप्प.

त्यानं परत उघडलं, चौकटीतलं चामडं चिमटीत धरून बघितलं. "हे कुनी बसवलं?"

"मी."

"आन ह्यो धोटा?"

"मीच."

"नाना," सखाराम म्हणाला, "येक इचारू का? ही रोज चालायची गाडी हाय. तुमी हिला हुबी कामून केली?"

सुकलालनं त्याच क्षणी जबान दिली. कानबाई उठली की मंगळवारी या, घेऊन जा. आणि ही गोष्ट त्यानं घरात कोणालाच सांगितली नाही. सण होऊ दे, मग सांगू, असं म्हणत राहिला. गुडघ्याचंही असंच म्हणाला होता.

कानबाईच्या आधीच्या शुक्रवारी सगळे घरात जमले. मधे परात, शेजारी गव्हाचं पोतं, आबा भिंतीला टेकून. सुंदरा एकेक नाव घेत मूठ टाकायला लागली. मूठ, वर पाव. मूठ, वर पाव. धुडकू आबा, सुकलाल, लोटू, श्रीरंग, चेतन... एकतीस पुरुष झाले. सुकलाल पुढं सरकला. आता तोंड उघडायला पाहिजे. हात अर्धा वर गेलासुद्धा. सुंदरानं बत्तिसावी मूठ भरली, नेहमीचं बोलली, "गाडीले मूठ, मले परात!" लोक हसले, आणि त्या हसण्यात मूठ परातीत पडली. वर पाव पडली.

वर गेलेल्या हातानं सुकलालनं डोकं खाजवलं.

पडली ती पडली. चक्की धुऊन पीठ दळलं गेलं. आता जीपच्या नावाचा रोट होणार. ज्याच्या नावाचा रोट झाला त्याला कुळाबाहेर काढणं म्हणजे जेवायला बसलेल्या भावाला ताटावरून उठवणं. आणि तिकडं मंगळवारची जबान. सुकलालला ती रात्र आणि पुढचा दिवस अन्न गोड लागलं नाही. सुंदराला वाटलं गुडघा. तिनं मोहरीचं तेल गरम करून दिलं.

रविवारी देवी बसली. नारळाला नथ, साडी, दागिने. दारात केळीचे खुंट. बायांची गाणी चाललेली. पुरुष बाहेर गाड्यांना टेकून परत तेच, कोणाची गाडी किती वर्षं जाईल. लोटू म्हणत होता, सुमो वीस वर्षं. श्रीरंग म्हणत होता, इस्टेट माझ्या धाकट्या पोराच्या लग्नात नवरदेव नेईल. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी सखाराम दिसला. अंगात धुतलेला सदरा, हातात झेंडूचा हार आणि नारळ.

"राम राम, नाना! म्हन्लं आज रैवार हाय, चांगला दिस हाय, हार तरी घालून यावं. मंगळवारी तर नेयाचीच हाय."

त्यानं हार जीपच्या तोंडाला बांधला आणि मागं वळून पाहिलं, तर सगळी गल्ली सुकलालकडं बघत होती.

लोटूनं विचारलं, "काय नेवानी?"

सुकलालनं सांगून टाकलं. सगळं, आषाढातल्या जबानीपासून. मान खाली घालून, जीपच्या बंपरशी बोलल्यासारखं.

सुंदरा दारात उभी होती, हाताला पीठ. "गाडी इकी टाकी? आनि मले इचारं बी नही?" आवाज बारीक होता, त्यामुळं जास्त लागला. "मी तिनी मूठ टाकी तवय तुमना हात वर होता. मी देखा. मले वाटनं, डोकं खाजवी राहिनात."

"दादा, मी ठेवून घेतो ना," लोटू म्हणाला. "माझ्या दारात उभी राहील."

"उभी," सुकलाल म्हणाला. "उभीच ना? लोटू, तू सोन्यासारखा भाऊ शे. पण तुझ्याकडं हत्तीण आहे, तू हिला कशाला चालवशील? चेतन चालवणार नाही, त्याचा दोष नाही, त्याला चांगली गाडी कळते. माझा पाय गेला. हिला चालवणारा हा एकच माणूस आला. दार बंद करून बघितलं त्यानं. तुमच्यापैकी कोणी तेरा वर्षांत ते चामडं बघितलं का?"

खरंच कोणी बघितलं नव्हतं.

सखारामला एवढं कळलं की आपण देवाच्या मधे आलो. त्यानं मुठीची गोष्ट विचारून घेतली, शांतपणे ऐकली, आणि हात जोडले. "मला काय ठावं नव्हतं बगा. नाना, तुमची जबान तुमाला वापस. घरातलं मानूस असं कुनी नेतं व्हय?"

आणि तो खरंच निघाला. हार तसाच ठेवून, नारळही तिथंच, जीपच्या चाकाशी.

तो दहा पावलं गेला असेल. भिंतीशी बसलेला धुडकू आबा काठी आपटून म्हणाला, "ओ परभणीवाला! थांब." मग सुकलालकडं वळला. "रोट कवापावत खातस?"

"पुनवेपर्यंत, आबा."

"पुनव कवय शे?"

"शनवारी."

"मंग? पुनवले रोट सरना, मूठ सरनी. ऐतवारे देई टाक. भाऊबंदले घरमा कोंडी ठेवतस का? कामवर जाऊ देतस. आपन बठा गाव सोडीसन सुरतले उनूत, ते काय कूळ सोडं?"

सगळ्यांनी सुंदराकडं पाहिलं. ती सखारामकडं बघत होती, त्या हाराकडं, मग त्या धोट्याकडं. "रैवारी येजा," ती म्हणाली. "पन ते दार आपटीसन लावानं नही. बोटवरी लागस."

"ठावं हाय, आक्का," सखाराम म्हणाला.

सोमवारी कानबाई उठली. देवीचा चौरंग डोक्यावर घेऊन बाया नाचत निघाल्या, मागून तिन्ही गाड्या. म्हातारी माणसं इस्टेटीत, लेकुरवाळ्या सुमोत, आणि जीप सगळ्यात पुढं, झेंडूचा हार घालून. सुकलालनं तापीपर्यंत स्वतः नेली. सपाट रस्ता होता. गुडघ्यानं तेवढा मान ठेवला.

रविवारी सखाराम आला. सुकलाल पाना घेऊन मागच्या दाराशी उभा होता. धोटा काढून ठेवावा असं मनात आलं होतं, आठवण म्हणून. पाना बोल्टला लावला, एक आटा फिरवला. मग परत घट्ट आवळला. मूठ काढली तर दार उघडायचं कशानं?

जीप गल्लीतून निघाली. वळणावर सखारामनं क्लच न दाबता, आवाज ऐकून गिअर टाकला. सुकलाल लोटूला म्हणाला, "बघ. शिकवावं लागलं नाही."

पुढचं वर्ष. परत श्रावण, परत परात, परत शुक्रवार. त्या वर्षभरात जीप सचिनहून कधीकधी गल्लीत यायची. छतावर फळ्या, आत दहा-बारा गवंडी, रंग जरा उडालेला, दार तसंच. सखारामनं निरोप धाडला होता की सोमवारी देवीला तापीवर न्यायला मी गाडी घेऊन येतो, रोट नको, फक्त मान द्या. सुकलालनं हा निरोप सगळ्या गल्लीला दोनदा सांगितला होता.

सुंदरा मुठी टाकत होती. मूठ, वर पाव. श्रीरंगला नातू झालेला, त्याची एक वाढली. बत्तीस पुरुष झाले. सवयीनं तिचा हात परत पोत्यात गेला, मूठ भरून वर आला, आणि थांबला.

सगळ्यांना कळलं की ही कोणाची मूठ होती. लोटूनं उगाच खिडकीतून लिंबाकडं पाहिलं. सुकलालला वाटलं, आता ती मूठ परत पोत्यात ओतेल, आणि ते त्याला बघवणार नव्हतं.

सुंदरानं ती परातीत टाकली.

आबानं डोळे बारीक केले. "ही कोनी?"

"मनी," सुंदरा म्हणाली. परातीतच बघत म्हणाली, पण आवाज खणखणीत. "एकतीस वरीस चालनू मी या घरमा. घाट बी चढनू. कोनी पाना नही लावा मले, तरी मना एक बी आटा ढिल्ला नही व्हयना. गाडीनी मूठ चालस ते मनी काब्रं नही?"

कोणी हसलं नाही. सुकलालचा हात वर गेला. या वेळी डोकं खाजवलं नाही. हात वरच ठेवला आणि म्हणाला, "आबा, माझी साक्ष आहे. बारा वर्षांनी काय, एकतीस वर्षांनी सांगतो. अजून दार एका बोटानं लागतं."

"दार आपटसू आते तुमना तोंडवर," सुंदरा म्हणाली, पण तोंडाला पदर लावला.

धुडकू आबानं वाकून परातीत पाहिलं. असं कुळात कधी झालं नव्हतं. जीपचंही झालं नव्हतं, झालं तोपर्यंत. शेवटी त्यानं काठीनं पोत्याकडं खूण केली.

"मूठ सव्वानी शे, सुंदरा. वरनी पाव राहिनी."